दारातलं खाकरणं

या, असे जवळ सरका. मागं खांबाला टेकून बसलेले, तुम्हीही पुढं या. माझा आवाज काही कीर्तनकाराचा नाही, मांडवाच्या टोकापर्यंत जायचा नाही. एक गोष्ट सांगते. यंत्राची आहे म्हटलं तर यंत्राची, संसाराची म्हटलं तर संसाराची. गोड करून सांगता आली असती तर केली असती. पण ज्यांच्या घरातली आहे त्यांनी जन्मभर आम्हांला खरं तेच ऐकवलं, तेव्हा मी तरी कशाला वरून साखर पेरू?

साखरखेर्ड्याच्या रस्त्यावर फाट्याला उतरलं की थोडं आत आमचं गाव. आमची वांगी-मेथीची शेती, आणि भिंतीला भिंत लागून मोतीराम महाराजांचं घर. मी लग्न होऊन आले तेव्हा सासरी सगळे हसले होते, नाव डिंपल आणि नाद कीर्तनाचा! हसले नाहीत ते एकटे महाराज. म्हणाले, "हसता काऊन बे? देवाले का नाव कळते? त्याले कान हायेत फक्त." तेव्हापासून पंचक्रोशीत त्यांचं कीर्तन असलं की मी पुढच्या सतरंजीवर. कधी मेथीच्या जुड्या बांधायच्या राहिल्या, कधी सासूची बोलणी खाल्ली, पण कीर्तन चुकवलं नाही.

आवाज कसा होता ते कसं सांगू? पहिली ओळ घेतली की मांडवातली लेकरं रडायची थांबत. ओळीच्या शेवटी ते स्वर असा लांबवत नेत की मागच्या टाळकऱ्यांनी तो अलगद उचलावा. मग क्षणभर थांबत. त्या थांबण्यातच टाळ पडायचे.

पण गोष्ट त्या आवाजाची नाही. त्यांना अजून एक आवाज होता, घरातला. तो गावाला ठाऊक नव्हता. भिंतीपलीकडून मला यायचा.

महाराज कीर्तन आटोपून घरी आले की दारात एकदा खाकरायचे. जुन्या वळणाचा माणूस. पूर्वी घरात बायाबापड्यांचा राबता होता, त्यांना पदर सावरायला सवड मिळावी म्हणून लागलेली सवय. पुढं लेक लग्न होऊन चिखलीला गेली, माणसं पांगली, घरात एकट्या तानुबाई उरल्या. खाकरणं मात्र राहिलं. लगेच आतून तानुबाई म्हणायच्या, "आले का?" पाण्याचा तांब्या घेऊन उठायच्या. मग महाराज बाजेवर बसून हळू आवाजात सगळं सांगत. कोण पेंगत होतं, कोणाला नातू झाला, पंगतीत भाजी कशी खारट झाली. तानुबाई हसत. कीर्तनाला त्या क्वचितच जायच्या. एकदा मी विचारलं तर म्हणाल्या, "माया वाट्याचं कीर्तन मले घरी येते ना वं, जायाचं कायले?"

पुढं साखरेच्या आजारानं तानुबाईंची नजर गेली. एकदम नाही, कंदिलाची काच काजळत जावी तशी. मग तर महाराजांचं बोलणं हाच त्यांचा उजेड झाला. ऊन ओट्यावर कुठवर आलं, गाईला कोणत्या रंगाचं वासरू झालं, आभाळात काय आहे, सगळं ते सांगायचे आणि त्या बघायच्या.

आणि मग महाराजांच्या गळ्यात गाठ निघाली. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी जीव वाचवला हो, त्यांचे उपकारच. पण स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्याला भोक, त्यातून श्वास. त्यावर ते उपरणं गुंडाळून ठेवत. बोलणं गेलं, हसण्यातला आवाज गेला, खाकरणंही गेलं. खोकला आला तरी गळ्यातून नुसती हवा यायची, सायकलच्या ट्यूबमधून यावी तशी.

आता विचार करा. एकाला बोलता येत नाही आणि एकीला दिसत नाही. तो पाटीवर लिहितो, ती वाचू शकत नाही. ती विचारते, तो मान हलवतो, ती मान तिला दिसत नाही. हाताला हात लावून पाणी, भाकर, औषध एवढं कळायचं. बाकीचं काय?

बाकीचं मी वाचून दाखवायची. दुपारी पाटी माझ्याकडं सरकवली जायची. "तानुमाय, महाराज म्हणतात, आज आभाळ आलंय." "तानुमाय, महाराज म्हणतात, पाय चेपू का?" पण नवराबायकोचं बोलणं शेजारणीच्या तोंडून किती येणार! एकदा महाराजांनी पाटीवर बरंच काही लिहिलं. मग माझ्याकडं पाहिलं, आणि बाहीनं पुसून टाकलं. तानुबाईंना पेन्सिलीची करकर ऐकू आली होती. म्हणाल्या, "काय लिवलं वं?" मी म्हणाले, "काही नाही, पुसलं." त्यांनी हात पुढं करून पाटी चाचपली. मग म्हणाल्या, "लई लिवत होते पन."

उन्हाळ्यात त्यांची नात आली. योगिनी, चिखलीच्या लेकीची लेक, पुण्याला कंपनीत कामाला. आल्या आल्या पिशवीतून एक डबी काढली. चष्म्याच्या डबीपेक्षा थोडी रुंद, काळी, हातात घेतली तर गार. झाकण उघडलं की वरच्या अंगाला काच आणि खालच्या अंगाला बटनं, मसुरीच्या डाळीएवढी.

"मोबाईलच आहे की," मी म्हणाले.

"नाही मावशी, पूर्ण कॉम्प्युटर आहे. ऑफिसात टेबलावर असतो तोच. फक्त खिशात मावतो. नेट लागत नाही, सगळं आतच. आबांनी लिहायचं, हे बोलणार."

मोबाईल आधी करून पाहिला होता. टाळ धरून धरून महाराजांची बोटं टणक झालेली, काचेवर घसरायची. इथं बटन दाबलं की टिक वाजायचं, बोटाला कळायचं. महाराजांनी डबी उलटीसुलटी करून पाहिली, झाकण दोनदा उघडून मिटलं. नातीच्या लग्नाचा दागिना पाहावा तशी पाहिली. मग उठून देव्हाऱ्यापुढं ठेवली, हळदकुंकू वाहिलं. योगिनी ओरडली, "आबा, बटनात जाईल!" गेलंच. बिजागरीत कुंकवाची जी लाल रेघ बसली ती अजून आहे.

मग बाजेवर बसून त्यांनी पहिलं वाक्य लिहिलं. एकेक बटन शोधून, कपाळाला घाम. तानुबाई पायथ्याशी बसलेल्या. महाराजांनी शेवटचं बटन दाबलं आणि डबीतून एक बाई बोलली. स्वच्छ, शुद्ध, टीव्हीवरच्या बातम्यांसारखी. "तानू, मी बोलतोय. तुला ऐकू येते का?"

तानुबाईंनी घाईनं पदर डोक्यावर घेतला. "अवं डिंपल, पुन्याच्या बाई आल्या काय? पाट दे ना बसाले. मी अशीच फतकल मारून बसली!"

योगिनी पोट धरून हसली, मी हसले, महाराजांचे खांदे हलू लागले. तानुबाईंना काय झालं ते कळल्यावर त्यांनीही तोंडाला पदर लावला. "बाई घरात आनली होय! आन् ते बी मले 'तू' म्हनून राह्यली." त्या घरात खूप दिवसांनी हसणं झालं होतं. मला वाटलं, विठ्ठलानं ऐकलं.

दोन दिवस ती बाई घरात बोलत राहिली. पाणी दे, औषध घेतलं का, ऊन ओट्यावर आलं. तानुबाई उत्तरं द्यायच्या, पण बाईला. "हाव बाई, घेतलं." तिसऱ्या दिवशी त्या नातीला म्हणाल्या, "पोरी, यंत्र साजरं हाय. पन हे बोलून राह्यले असं वाटत न्हाई मले. कोनी निरोप्या आल्यावानी वाटते."

योगिनी म्हणाली, "आजी, आबांचा स्वतःचा आवाजही बनवता येतो. जुनी रेकॉर्डिंगं हवीत फक्त."

रेकॉर्डिंगांना काय तोटा! गावोगावच्या सप्त्यांची कीर्तनं पोरांच्या मोबाईलमध्ये होती. मी दारोदार फिरून गोळा केली. प्रत्येक जण म्हणायचा, "महाराज परत बोलणार? न्या, सगळं न्या." योगिनी सगळं घेऊन पुण्याला गेली आणि दसरा झाल्यावर परत आली.

तो दिवस मला विसरता येत नाही. दार लावून घेतलं होतं. बाजेवर महाराज, पायथ्याशी तानुबाई, मी उंबऱ्याशी. महाराजांनी लिहिलं, बटन दाबलं, आणि माझ्या अंगावर काटा आला. महाराज! तेच महाराज, ज्यांच्यासाठी मी सासूची बोलणी खाल्ली.

"तानूऽऽ... भाकर खाल्ली काऽऽ?"

असे म्हणाले, की जशी समोर हजार माणसं बसलीत. शेवटचा स्वर लांबवत नेला आणि थांबले, टाळकऱ्यांनी उचलावा म्हणून. टाळ नव्हते. खोलीत नुसतं ते थांबणं राहिलं.

तानुबाईंनी हात जोडले. पाठ ताठ करून, मांडवात बसतात तशा बसल्या, आणि हळूच "विठ्ठल विठ्ठल" म्हणाल्या. भाकर खाल्ली की नाही ते सांगितलं नाही. कीर्तनात महाराजांना कोण उत्तर देतं?

महाराजांनी पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. पाणी दे म्हटलं तरी प्रवचन, झोपायचं का म्हटलं तरी प्रवचन. थोड्या वेळानं तानुबाई म्हणाल्या, "लई साजरं बोलले महाराज. पन हे कोठी हायेत?"

योगिनीचा चेहरा पडला. तिनं मला ओट्यावर नेलं. म्हणाली, "मावशी, यंत्राला जे दिलं तेच ते शिकलं. घरात बोलतानाचं एक तरी रेकॉर्डिंग आहे का?"

कुठून असणार? कीर्तन सगळे भरून घेतात. बाजेवर बसून भाजी खारट झाली म्हणणारा माणूस कोणी भरून ठेवतो का? चाळीसेक वर्षांचा संसार झाला आणि त्यातला एक शब्द कुठं साठवलेला नव्हता. तो तानुबाईंच्या कानात होता, आणि तिथून तो काढायचं यंत्र अजून निघालेलं नाही.

आतून तानुबाई म्हणाल्या, "पोरी, बोलनं राहू दे. त्याले खाकराले लाव."

"काय आजी?"

"दारात खाकरायचे ना. तेवढं लाव. मंग मले कळते, आले म्हनून."

योगिनी खाली मान घालून बसली. मग तिनं सांगितलं ते मला पहिल्यांदा समजलं नाही. आवाज शिकायच्या आधी ते यंत्र सगळं साफ करून घेतं म्हणे. खोकला, खाकरणं, श्वास, उसासा हे सगळं कचरा समजून काढून टाकतं. आणि पोरांनीही भरून घेताना महाराजांनी गळा साफ केल्यावरच बटन दाबलेलं. आम्ही तांदूळ निवडला आणि नेमकं जे हवं होतं तेच खड्यांबरोबर फेकलं.

शेवटी एक कॅसेट निघाली, माझ्याच सासऱ्यांच्या पेटीत. जुन्या सप्त्याची. मंडपवाल्यानं टेप सुरू केला आणि चहाला निघून गेला, म्हणून तिच्यात सगळंच आलेलं. सतरंज्या झटकणं, कोणाचं तरी "सरका ना बे," आणि मग गळा साफ करून महाराजांचं खाकरणं. साखरखेर्ड्याच्या मंडपवाल्याकडं अजून कॅसेट वाजवायचा डेक होता. योगिनीनं तेवढाच तुकडा डबीत घेतला आणि एका कोपऱ्यातल्या बटनाला बांधून दिला. एक बटन दाबलं की एक खाकरणं.

संध्याकाळी दिवेलागणीला महाराज अनवाणी, पाय न वाजवता बाहेर गेले. ओट्यावर थोडे थांबले. दारात उभे राहून त्यांनी बटन दाबलं.

काय सांगू! तानुबाई चुलीपाशी बसल्या होत्या. त्यांचा चेहरा असा वर झाला की वाटलं दिसायला लागलं यांना. "आले का?" म्हणत उठल्या, भिंत चाचपली नाही की काही नाही, तांब्या उचलला आणि सरळ दारापाशी. महाराजांनी तांब्या धरला, तांब्यावरचा त्यांचा हातही धरला. मी आणि योगिनी रडत होतो.

तानुबाई म्हणाल्या, "मंग? काय झालं आज? सांगा ना."

आणि थांबल्या.

महाराजांनी तांब्या खाली ठेवला. डबी उघडली, लिहू लागले. टिक, टिक, टिक. चुकत होतं, पुसत होते. तानुबाई मान थोडी कलती करून उभ्या. बराच वेळ. त्या टिकटिकीत काय लिहिलं जातंय हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. मग महाराजांनी लिहिलेल्याकडं पाहिलं, बटनाकडं पाहिलं. ते बटन दाबलं तर मांडवातले महाराज बोलणार हे त्यांनाही कळत होतं. त्यांनी दाबलं नाही. झाकण मिटलं.

"सांगा ना," तानुबाई पुन्हा म्हणाल्या, या वेळी हळू. मग हात पुढं करून त्यांनी महाराजांचं उपरणं चाचपलं, गळ्यापाशी. श्वासाची हवा त्यांच्या बोटांना लागली असेल. म्हणाल्या, "बरं, राहू द्या. दमले असान."

तानुबाईंना त्या खाकरण्यावरच समाधान वाटलं असतं, तर बरं होतं. पण त्या खाकरण्यानं वेगळंच केलं. आधी त्यांनी मनाशी धरून घेतलं होतं की हे बोलणार नाहीत. हाताला हात लागला की ओळखायच्या, त्यात भागवायच्या. आता कान दाराला लागला. खाकरल्यावर माणूस बोलतो, जन्मभराचा हा ठोका. पहिला पडला की दुसऱ्याची वाट पाहायची. महाराजांनी आणखी काही वेळा बटन दाबलं. प्रत्येक वेळी त्या तशाच उठायच्या, तशाच थांबायच्या, तशाच परत बसायच्या. मग महाराजांनी दाबणं सोडलं. डबी देव्हाऱ्यात ठेवून दिली. योगिनी जाताना म्हणाली, "आबा, अजून काहीतरी करते मी." महाराजांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मान हलवली. ती कोणत्या अर्थानं हलवली ते तिनंही विचारलं नाही.

सप्त्याची मंडळी एकदा आली होती. तो आवाज मांडवात लावू, लोक दुरून येतील म्हणाले. महाराजांनी हात जोडून त्यांना चहा पाजला आणि डबी काही बाहेर काढली नाही.

थंडीत तानुबाई अंथरुणाला खिळल्या. पायाची जखम भरेना, मग ताप. महाराज उशाशी बसायचे, हात हातात धरून. त्या हात सोडवून घ्यायच्या. "थांबा जरा. दारात कोनी आलं का, ऐकू द्या." ज्याची वाट पाहायच्या तोच उशाशी बसलेला, हे त्यांना सांगायचं कोणी? मी सांगायची. "तानुमाय, महाराजच आहेत हे, हात धरलाय त्यांनी." "हाव," म्हणायच्या, "हात त्याइचाच हाय." आणि पुन्हा तोंड दाराकडं.

त्या दिवशी दुपारी श्वास उथळ झाला. मी पाणी घालत होते, घशाखाली जात नव्हतं. तोंड दाराकडंच. महाराजांनी माझ्याकडं पाहिलं. मग तानुबाईंचा हात उचलून माझ्या हातात दिला, उठले, देव्हाऱ्यातून डबी घेतली आणि बाहेर गेले. मला कळलं. मला ओरडून सांगावंसं वाटलं की नका जाऊ, आता हात सोडू नका. पण मग त्या दाराकडं कान लावूनच गेल्या असत्या त्याचं काय? दोन्हीपैकी कोणतं बरं, ते मला आजही ठरवता येत नाही.

दारात खाकरणं वाजलं.

तानुबाईंच्या बोटांनी माझी बोटं आवळली. ओठ हलले. "आले," म्हणाल्या. या वेळी विचारलं नाही, नुसतं म्हणाल्या. तांब्यासाठी दुसरा हात थोडा उचलला गेला, आणि खाली पडला. महाराज दारातून खाटेपर्यंत येईस्तोवर त्या नव्हत्या. चार पावलांची खोली. शेवटचा हात त्यांना माझा लागला, जो त्यांना नको होता.

महाराज पायथ्याशी बसले. मोठ्यानं रडले असतील, पण गळ्यातून हवाच आली. शेजारच्या घरातल्यांनाही कळलं नाही.

आता ते कीर्तनाला येतात. मागं टाळकऱ्यांत उभे राहून टाळ वाजवतात. डबी बंडीच्या खिशात असते, मिटलेली. दारात लिहिलेलं आणि न वाजवलेलं ते वाक्य अजून तिच्यात असेल. मी विचारलं नाही, विचारणारही नाही. घरी गेल्यावर ते दारात क्षणभर उभे राहतात, मी आमच्या ओट्यावरून पाहते. मग आत जातात. आतून कोणी काही म्हणत नाही.

एवढीच गोष्ट. वरून उपदेश करायची माझी लायकी नाही. एक मागणं मात्र आहे, पदर पसरून मागते. आज घरी जाल तेव्हा दारात जरा थांबा, घशात आवाज आहे तोवर एकदा खाकरा. आतून कोणी "आले का?" म्हटलं, तर उत्तर देण्याआधी आमच्या तानुबाईंची आठवण काढा. आणि मग बोला. भाजी खारट झाली म्हणा, काहीही म्हणा, पण बोला.